आईचे तेहतीस सेंट

कॅमेरा घेताना बायकोला म्हणालो होतो, "दोन वर्षांत याची किंमत वसूल." ती म्हणाली, "अहो, मोरीतल्या मशरूमच्या वेळीही हेच म्हणाला होतात." मी तिकडे दुर्लक्ष केलं. छंदातून पैसा ही कल्पना एकदा डोक्यात शिरली की घरच्यांचं बोलणं ऐकू येत नाही.

फोटो विकणारी परदेशी संकेतस्थळं असतात. आपण फोटो चढवायचा, जगातल्या कोणीही तो विकत घ्यायचा, आणि आपल्याला त्यातला वाटा मिळायचा. सुरुवातीलाच मला डब्ल्यू-आठ-बेन नावाचा फॉर्म भरून अमेरिकेला लेखी कळवावं लागलं, की मी अमेरिकन नाही. आमच्या आळीत याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

पहिली स्वारी भिगवणला. पहाटे तीनला उठून पुण्याहून शंभरेक किलोमीटर, मग कुंभारगावाहून होडी, आणि उजनीच्या पाण्यात एका पायावर उभे असलेले फ्लेमिंगो. दोनशे फोटो काढले, त्यातले चाळीस निवडले, अडतीस परत आले. कारण: नॉइज. पाखरं तर गप्प उभी होती! मग कळलं, की अंधुक उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवला की फोटोवर रवाळ दाणे उठतात, त्याला नॉइज म्हणतात. उरलेले दोन स्वीकारले गेले आणि लाखभर फ्लेमिंगोंच्या गर्दीत कुठेतरी जाऊन उभे राहिले. त्या दिवशीची खरी कमाई म्हणजे दुपारची चिलापीची थाळी.

जाणत्या लोकांनी सांगितलं, पक्षी नको, माणसं काढ. माणसं विकली जातात. घरात फुकट आणि स्थिर बसणारं माणूस एकच, आई. ती खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. डाव्या बाजूने ऊन, नाकावर घसरलेला चष्मा, सुपात तांदूळ, बोटाच्या टोकाला एक खडा. फोटो असा आला, की मीच हळवा झालो.

तो परत आला. मागे भिंतीवर कालनिर्णयचं नाव दिसत होतं, आणि दुसऱ्याचा ट्रेडमार्क चालत नाही. मी कालनिर्णय उतरवून कपाटामागे ठेवलं आणि आईला पुन्हा तांदूळ निवडायला बसवलं. "अरे, निवडून झालेत." "पुन्हा निवड." "खडे कुठले आणू?" अंगणातले दोन आणून दिले. मधेच तिने विचारलं, "आज संकष्टी, चंद्रोदय किती वाजता रे?" आणि ते सांगणारी वस्तू कपाटामागे.

आता उरला मॉडेल रिलीज. फोटोतल्या माणसाने सही करून द्यायची, की माझी छबी वापरायला हरकत नाही. आईने कागद दोनदा उलटापालटा केला.

"इंग्रजीत का आहे?"

"सगळं तसंच असतं."

"माझ्या आजोबांनी असाच न वाचता अंगठा दिला होता. विहिरीकडचं सव्वा एकर गेलं."

"आई, हे फोटोचं आहे. घराचं नाही."

"मग साक्षीदाराची सही कशाला?"

याला उत्तर नव्हतं. शेवटी बायकोने साक्षीदार म्हणून सही केली. त्या सहीवर तिला इतका आनंद झालेला मी लग्नाच्या नोंदणीतही पाहिला नव्हता.

मग कीवर्ड. फोटो शोधणाऱ्याला सापडावा म्हणून इंग्रजी शब्द लिहायचे, जास्तीत जास्त ४९. माझे प्रामाणिक शब्द एकविसाव्याला संपले: इंडियन, वुमन, राइस, विंडो, किचन वगैरे. पण जागा रिकामी सोडणं आमच्या रक्तात नाही. एसटीत रुमाल टाकणारी माणसं आपण. मी इतरांचे फोटो बघून शब्द उचलत गेलो. सीनियर. ओल्ड एज. थॉटफुल. सॅड. लोन्ली. चाळिसाव्याच्या आसपास नेग्लेक्टेडही लिहून टाकलं. रात्री साडेबारा वाजता माणूस फार विचार करत नाही.

तीन आठवड्यांनी फोटो विकला गेला. तेहतीस सेंट! मी पेढे आणले, अडीचशे रुपयांचे.

महिन्याभराने कराडच्या मावशीचा फोन आला. आधी आईशी बोलली, आवाज खाली, मग म्हणाली, "त्याला दे." मावशी सरळ मुद्द्यावर आली. "तुम्ही दोघं ताईला नीट बघता ना रे?" व्हॉट्सअ‍ॅपवर कुठला तरी लेख फिरत होता. मथळा, 'उतारवयातलं एकटेपण : मुलं असूनही निराधार'. खाली माझी आई, चष्मा नाकावर, हातात सूप. आणि मावशीचं निरीक्षण बारीक: "तांदळात केवढाले खडे आहेत! रेशनचा आणतोस काय?"

संध्याकाळपर्यंत इचलकरंजीहून मामा, नाशिकहून चुलतबहीण आणि आईच्या भजनी मंडळातल्या तिघी. एकीने तर घरी येऊन आईला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. मी काय सांगणार? की मीच तिला एकाकी, दुःखी आणि उपेक्षित असं, स्वल्पविराम देऊन, स्वतःच्या हाताने टाइप केलंय?

रात्री जेवताना आईने विचारलं, "पैसे किती मिळाले?"

"अजून हातात नाहीत. पंचवीस डॉलर साठल्याशिवाय ते पाठवत नाहीत."

आई शाळेत गणित शिकवायची. भात कालवता कालवता तिने हिशेब केला. "म्हणजे मी अजून पंचाहत्तर वेळा निराधार व्हायचं."

बायकोने पाण्याचा पेला तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

"पोह्यांचा काढ फोटो," आई म्हणाली. "पोह्यांना बहिणी नसतात. आणि ते कालनिर्णय आधी जागेवर लाव."