सहा इंच माती

हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं ठरलं तेव्हा मला भीती होती ती गुडघ्याची. गुडघ्याने साथ दिली. घात केला तो खुरप्याने.

आमची मुलगी पर्यावरणशास्त्र शिकते. पूर्वी ती आमच्या घरात राहायची, आता आम्ही तिच्या घरात राहतो. ओट्याखालच्या कप्प्यात बायकोने पिशव्यांनी भरलेली एक पिशवी जपून ठेवली आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून त्या पिशवीला पाटल्या-बांगड्यांची किंमत आलीय, कारण तसला जाड माल आता मिळत नाही. डिसेंबरात गडावर तंबू ठोकून राहायची टूम मुलीने काढली आणि पहिलीच अट घातली ती या पिशवीला हात न लावण्याची. म्हणाली, "बाबा, आपण येऊन गेलो हे गडाला कळतासुद्धा कामा नये."

माझं वजन ९१ किलो आहे. पायथ्याच्या पाचनई गावातून वर निघाल्यावर पहिल्याच चढात ते गडाला कळलं असावं.

निघण्याआधी तिने सामानाची झडती घेतली. दशम्या फडक्यात, चटणी स्टीलच्या डब्यात, साबणाऐवजी रिठे, ताटांऐवजी पत्रावळी. विमानप्रवासासाठी घेतलेला बॅग तोलायचा काटाही सोबत आला. येताना प्रत्येकाचा कचरा त्यावर तोलला जाणार होता. झडतीतून माझं एकच पाकीट सुटलं, बाकरवडीचं. ते मी लोकरीच्या मोज्यात कोंबलं होतं.

पाचनईत ज्या मामांकडे जेवलो, त्यांनी "मोळी देऊ का बांधून, वर थंडी लई" असं आपुलकीने विचारलं. मी हो म्हणणार तोच मुलगी म्हणाली, हे अभयारण्य आहे, १९८६ पासून. मामांनी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. घरात कुणाचं चालतं ते त्यांना कळलं.

चूल नाही म्हटल्यावर पंचाईत झाली ती भांड्यांची. आजी राखेने भांडी घासायची, त्यामुळे मलाही राखच सुचली. पण राखेला चूल लागते, चुलीला सरपण लागतं आणि सरपण नुकतंच पाचनईत राहिलं होतं. छोट्या गॅसवर पिठलं झालं. ते पत्रावळीवर वाढलं. पत्रावळीला टाके असतात बारीक काडीचे. माझ्या पत्रावळीची एक काडी निसटलेली होती. गरम पिठल्याला हे माझ्याआधी कळलं. मी मांडी घालून बसलो होतो. पिठलं दोन पानांच्या फटीतून शांतपणे उतरलं आणि थेट मांडीवर आलं. मी ओरडलो तर मुलगी म्हणाली, "बाबा, ओरडू नका. इथे प्राणी आहेत." तेव्हा माझ्यापेक्षा जास्त कळवळलेला प्राणी गडावर दुसरा नसेल.

रात्री तंबूत बाकरवडी काढली. डिसेंबरात गडावर, वारा पडलेला असताना पाकीट फोडून बघा. घाटात एसटीने गिअर बदलावा तसा आवाज होतो. बायको जागी झाली. काही न बोलता तिने अंधारात हात पुढे केला. चार तिला, चार मला. रिकामं पाकीट मी जॅकेटच्या खिशात घातलं.

आता पहाटेचं सांगतो. मुलीचा नियम असा की खड्डा सहा ते आठ इंच खोल हवा आणि पाण्यापासून २०० फूट लांब हवा, म्हणजे माझी साधारण ऐंशी पावलं. काम झालं की माती ओढून जागा होती तशी करायची. कागद वापरलात तर तो खाली घेऊन यायचा, म्हणून तांब्या. आमचे आजोबा रोज पहाटे असेच रानात जायचे. त्यांना कुणी पर्यावरणपूरक म्हटलं नाही. उलट पुढे ते बंद व्हावं म्हणून सरकारने संडासाला अनुदान दिलं.

साडेपाचला मी एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात तांब्या आणि कपाळाला विजेरी बांधून निघालो. गावापासून आमच्याबरोबर वर आलेलं कुत्रंही निघालं. त्याला यात काय रस होता देव जाणे. तंबूजवळच्या पाण्याच्या टाक्यापासून मी पावलं मोजू लागलो. चौसष्टाव्या पावलाला विजेरीच्या उजेडात समोर पाणी चमकलं. दुसरं टाकं! तिथून वळून पुन्हा एक, दोन, तीन. सत्तराव्या पावलाला पायाखाली ओल लागली. ओढा. ज्यांनी हा गड कोरला त्यांनी पाण्याची इतकी सोय करून ठेवलीय, की पाण्यापासून ऐंशी पावलं लांब जायची सोयच उरलेली नाही. देवळाकडे जावं तर पुष्करणी. त्याच्या पलीकडे केदारेश्वर, तिथे तर अख्खं लेणंच पाण्यात. चार खांबांपैकी तीन तुटलेत, एक उभा आहे. त्या खांबाची अवस्था मला त्या क्षणी फार जवळची वाटली.

अखेर ऐंशी भरली. मी बसून खुरपं मारलं. खण्ण! एक वीत सरकून पुन्हा मारलं. खण्ण! सह्याद्रीचा हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर माती असते दोन बोटं, तीही मोठ्या मनाने दिलेली. मुलीचा हा नियम मुळात ज्याने केला त्याच्या मुलखात जमीन मऊ असणार. चार ठिकाणी खणून माझ्या खात्यावर एकूण तीन इंच जमा झाले, तेही बेरीज करून. आणि तेवढ्यात उजाडलं.

उजाडलं ते उजाडलं, वर कॉलेजच्या पोरांची एक टोळी समोर उगवली. "काका, कोकणकडा कुठे?" मी खुरप्याने दिशा दाखवली. त्यातली एक चष्मेवाली मुलगी थांबली. "काका, औषधी वनस्पती शोधताय का?" मी हो म्हणालो. "कुठली?" पोटात गोळा आला होता, तो चेहऱ्यावर न दाखवता मी म्हणालो, "मिळाली की सांगतो."

शेवटी कारवीच्या एका जाळीत सहा इंच माती मिळाली. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

परत आलो ते हलक्या मनाने, आणि सगळे कोकणकड्यावर गेलो. तिथे पालथं पडून खाली बघायची रीत आहे. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सने इथे ढगात गोल इंद्रधनुष्य पाहिलं, आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. ते दिसायला खाली ढग लागतात. डिसेंबरात कोकण स्वच्छ दिसत होतं. घाम पुसायला मी खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर बाकरवडीचं पाकीट बाहेर आलं. कड्यावरून खाली गेलं. सुटलो म्हटलं. पण या कड्याची ख्यातीच अशी, की खालून वर येणारा वारा टाकलेलं परत करतो. पाकीट वर आलं, उन्हात चमकत माझ्या डोक्यावरून गेलं आणि मुलीने ते झेलच घ्यावा तसं पकडलं. तिने त्यावरचं वजन मोठ्याने वाचलं. "दोनशे ग्रॅम, बाबा?"

शिक्षा म्हणून टाक्याभोवतीचा परक्यांचा कचरा मी गोळा करायचा ठरलं. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, एक चप्पल. पण भरायचं कशात? सगळे गप्प. मग बायकोने आपल्या सॅकच्या तळातून सहा जाड प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, व्यवस्थित घडी घातलेल्या. मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं. काट्यावर अकरा किलो भरले.

पाचनईत मामा म्हणाले, "द्या इकडं, मागं पेटवून देतो." मुलीने पिशव्या पोटाशी धरल्या. गाडीत त्या माझ्या मांडीवर होत्या, पिठल्याने भाजलेल्या मांडीवर. घरी रात्री अकरापर्यंत बसून सगळं निवडलं. बाटल्या धुतल्या, चप्पल वेगळी ठेवली, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या.

सकाळी घंटागाडी आली तेव्हा मुलगी झोपली होती. माणसाने सहाच्या सहा पिशव्या घेतल्या आणि एकामागून एक ओल्या कचऱ्याच्या ढिगावर उलट्या केल्या. मग रिकाम्या पिशव्या झटकून बायकोच्या हातात दिल्या. "काकू, या ठेवा. असला माल आता मिळत नाही."

मुलगी उठायच्या आत त्या धुऊन, वाळवून ओट्याखाली गेल्या.