कार्यकर्तीची वही आणि संस्थेचं ॲप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देते. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सामाजिक संस्थांनी तंत्रज्ञानाकडे ऑफिसची सोय एवढंच म्हणून न बघता कामाच्या आखणीतच त्याचा विचार करावा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की सॉफ्टवेअरवर गेलेला पैसा हा लोकांच्या तोंडचा काढलेला घास असतो. कार्यकर्ते दिवसभर मोबाइलवर फॉर्म भरत बसतात आणि लोकांशी बोलणं राहूनच जातं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की माणसं चांगली असतील तर वही पुरते, माणसंच धड नसतील तर ॲप घेऊन काय करायचं?

फॉर्मच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. तिथे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळही तिथेच आहे.

दीर्घकाळ औषधं घ्यावी लागणाऱ्या रुग्णांचा पाठपुरावा करणारी एखादी संस्था डोळ्यांसमोर आणा. कार्यकर्ती एका बाईच्या घरी जाते, ॲप उघडते. नोंदणी क्रमांक, वय, शिक्षण, घरात माणसं किती, उत्पन्नाचा गट, जीपीएस, फोटो. यातलं बरंचसं मागच्याच भेटीत भरून झालेलं असतं, तरी ॲप पुन्हा विचारतं, आणि एक रकाना रिकामा राहिला तरी पुढे सरकू देत नाही. ते सगळं उरकलं की ती पिशवीतून स्वतःची वही काढते आणि लिहिते: 'सकाळी कामावर असते, संध्याकाळी सातनंतर जायचं. नवऱ्याला आजाराचं माहीत नाही, त्याच्यासमोर विषय काढायचा नाही. गोळ्यांनी मळमळतं म्हणून मधे चार दिवस घेतल्या नाहीत.' नावाभोवती पेनाने एक गोल. म्हणजे या आठवड्यात पुन्हा यायचं.

रुग्णाचं औषध सुरू राहणार की सुटणार, हे या तीन ओळींवर ठरतं. ॲपमधली माहिती मुख्य कार्यालयात जाते, तिचा आलेख होतो, तो देणगीदाराच्या अहवालात लागतो. भरणारीच्या हाती त्यातलं काहीही परत येत नाही. मग तिने ते ओझं मानलं तर तिचं काय चुकलं? एखाद्या संस्थेत ॲप आल्यावरही कार्यकर्त्यांच्या पिशवीत वह्या दिसत असतील, तर त्या जप्त करू नयेत, वाचाव्यात. संस्थेला खरोखर कसली माहिती लागते हे तिथे आयतं लिहिलेलं असतं.

पण तुमच्या आणि माझ्या वाटा इथेच वेगळ्या होतात. ती कार्यकर्ती काम सोडून गेली की वही तिच्याबरोबर जाते. नवी येते ती सकाळी जाते, दाराला कुलूप बघून परत फिरते, 'घरी नाही' अशी नोंद करते. किंवा वाईट म्हणजे, नवरा घरी असताना जाऊन औषधांची चौकशी करते. दहा वर्षं जोडलेला विश्वास एका दुपारी तुटतो. यात कुणाच्या चांगुलपणात काही उणं नव्हतं. एकीला माहीत होतं ते दुसरीपर्यंत पोचलं नाही, एवढंच. एका माणसाच्या एका भागासाठी वही पुरते हे मला मान्य आहे. माणसं बदलतात, भाग वाढतो, रुग्ण दुसऱ्या ठिकाणी राहायला जातो, तेव्हा ती पुरत नाही. तंत्रज्ञानाचा आग्रह मी धरते तो एवढ्याचसाठी.

म्हणून माझी कसोटी एकच आहे: जी माहिती भरते, तिलाच ती सगळ्यात आधी उपयोगी पडली पाहिजे. सकाळी फोन उघडला की आज कुणाकडे जायचं, कोण दोनदा भेटलं नाही, कुणाची औषधं संपत आली, ही यादी तिच्यासमोर हवी. तशी यादी मिळत असेल तर फॉर्म नीट भरा म्हणून कुणाच्या मागे लागावं लागत नाही, कारण चुकीचं भरलं तर उद्याची फेरी तिचीच फुकट जाते. अहवालाचे आकडे त्याच माहितीतून निघतात, निघावेतच. क्रम तेवढा उलटा होता कामा नये.

फॉर्म करताना प्रत्येक प्रश्नासमोर लिहून ठेवावं, की याचं उत्तर बघून कोण काय वेगळं करणार आहे. जिथे काहीच लिहिता येत नाही तो प्रश्न काढून टाकायचा. देणगीदाराला हवा असलेला प्रश्न असेल तर तो वर्षातून एकदा विचारायचा, दर भेटीला नाही. संस्थेच्या प्रमुखांना हे करताना जिवावर येतं, कारण प्रत्येकाला वाटतं की पुढेमागे लागेल. पुढेमागे लागणाऱ्या माहितीनेच फॉर्म बोजड होतात.

यासाठी भारी काही विकत घ्यावं लागतं असंही नाही. ओडीके हे मोबाइलवर माहिती गोळा करण्याचं साधन अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालं. त्याचा कोड खुला आहे, म्हणजे तो कुणालाही बघता, वापरता आणि बदलता येतो; नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरता येतो आणि रेंज आली की माहिती पुढे जाते. कोबोटूलबॉक्स त्याच पायावर उभं आहे आणि जगभरातल्या मदतसंस्था ते वापरतात. फॉर्मची रचना साध्या एक्सेलच्या तक्त्यात करता येते, म्हणजे प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही प्रश्न बदलता येतो. माझ्या दृष्टीने हा गुण आकडे आणि आलेख एका पडद्यावर दाखवणाऱ्या दहा आकर्षक डॅशबोर्डपेक्षा मोठा आहे. प्रश्न बदलायला तीन महिने आणि वेगळं बिल लागत असेल, तर संस्था नकळत सॉफ्टवेअरच्या सोयीने काम करायला लागते.

आता 'माणसं चांगली असतील तर' याबद्दल. तुमचं हे वाक्य मी सहज बाजूला सारणार नाही. केंटारो तोयामा हे मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन केंद्राच्या संस्थापकांपैकी एक. अशा अनेक प्रकल्पांवर काम केल्यावर तेही जवळजवळ तुमच्याच निष्कर्षाला आले: तंत्रज्ञान माणसांच्या हेतूची आणि क्षमतेची जागा घेत नाही, जे आधीपासून आहे तेच ते वाढवतं. पेरू देशाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथे सरकारने शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी 319 शाळांची पाहणी करून 2012 मध्ये निष्कर्ष मांडले. संगणकांचा वापर खूप वाढला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक पडलेला नव्हता. यंत्र आधी आलं, शिक्षकाने त्याचं वर्गात करायचं काय हा प्रश्न मागे राहिला.

त्याच्या शेजारी केनियातलं उशाहिदी ठेवून बघा. निवडणुकीनंतर तिथे हिंसाचार उसळला तेव्हा, 2008 च्या सुरुवातीला, काही ब्लॉगर आणि प्रोग्रामर एकत्र आले आणि कुठे काय घडतंय हे लोकांनी एसएमएसने आणि वेबवरून कळवावं, ते नकाशावर दिसावं, अशी व्यवस्था त्यांनी थोड्याच दिवसांत उभी केली. तंत्र काही फार अवघड नव्हतं. पण कुठली माहिती हवी, कुणाला हवी आणि आत्ताच का हवी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे हैतीच्या 2010 च्या भूकंपातही तीच व्यवस्था वापरली गेली.

तर तोयामांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि म्हणूनच तुमचा निष्कर्ष मान्य नाही. जे आहे तेच वाढणार असेल, तर ज्यांचं काम चांगलं आहे अशाच संस्थांनी ते वाढवण्याचं साधन आधी हातात घ्यायला हवं. तुम्ही ज्यांच्या बाजूने बोलताय, तीच ही माणसं.

पैशाबद्दल फार लांबण लावत नाही. प्रशासनावर कमीत कमी खर्च म्हणजे चांगली संस्था, या समजुतीने संस्थांचं मोठं नुकसान केलंय. अमेरिकेत संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांच्या प्रमुखांनीच 2013 मध्ये देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की केवळ या खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. हो, पैसा वायाही जातो, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. खरेदीला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. प्रशिक्षण, फुटलेले फोन, एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी निस्तरणं, कार्यकर्त्याचा फोन आला की उचलणारं कुणीतरी, हे अंदाजपत्रकात नसतं. मग दीड वर्षाने प्रणाली नुसती नावाला उरते. चालवण्याचा खर्च कुठून येणार हे माहीत नसेल तर खरेदी करूच नये, यावर आपलं दोघांचं एकमत व्हायला हरकत नाही.

एक आक्षेप तुम्ही घेतला नाहीत, पण तो तुमच्या तिन्ही आक्षेपांहून गंभीर आहे. 'नवऱ्याला आजाराचं माहीत नाही' ही ओळ वहीत होती तोवर फार तर एक वही हरवण्याची भीती होती. सर्व्हरवर गेली की हजारो घरांतल्या अशा ओळी एका जागी जमतात. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला जानेवारी 2022 मध्ये आढळलं, की 5,15,000 हून अधिक लोकांची माहिती असलेल्या सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं आहे. ही माहिती युद्ध, स्थलांतर, आपत्ती यांत ताटातूट झालेल्या कुटुंबांची, बेपत्ता माणसांची, कोठडीत असलेल्यांची होती. घुसखोर 9 नोव्हेंबर 2021 पासून आत होते, आणि एक सुरक्षा दुरुस्ती वेळेत बसवली न गेल्याने त्यांना वाट मिळाली, हे समितीने स्वतःच जाहीर केलं. एवढ्या मोठ्या, सावध संस्थेची ही गत, तर इतरांनी किती जपायला हवं?

त्यामुळे काय नोंदवायचं नाही हेही धोरणातच ठरवावं लागतं. त्या बाईच्या नोंदीत 'संध्याकाळी सातनंतर, एकटी असतानाच बोलावं' एवढं पुरतं. कारण लिहायची गरज नाही. ती नोंद फक्त तिच्याकडे जाणाऱ्या कार्यकर्तीला दिसावी, मुख्य कार्यालयातल्या प्रत्येकाला नाही. पाठपुरावा संपला की किती काळाने नाव पुसायचं हे आधीच ठरलेलं असावं. आणि हल्ली अशा नोंदी कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकून अहवाल लिहून घेतला जातो, ते ताबडतोब थांबवायला हवं. त्या बाईने आपलं दुखणं कार्यकर्तीला सांगितलं होतं, आणखी कुणाला नाही.

तुमच्या संस्थेत नवी प्रणाली घ्यायचं घाटतंय आणि तुमचा त्याला विरोध आहे, असं तुम्ही लिहिलंय. विरोध जरूर करा, पण तो बैठकीत नेमक्या मागण्यांच्या रूपात मांडा. फॉर्म ठरवताना रोज घरोघरी जाणाऱ्या किमान दोन कार्यकर्त्या तिथे बसलेल्या असाव्यात आणि प्रश्न काढून टाकायचा अधिकार त्यांना असावा. पहिले काही महिने एकाच भागात चालवून बघावं, आणि तेवढ्या काळात पिशवीतल्या वह्या कमी झाल्या का, हे पाहावं. करार सही करण्यापूर्वी सगळी माहिती आपल्याला हवी तेव्हा, एक्सेलमध्ये उघडेल अशा रूपात, जादा पैसे न देता काढून नेता येईल हे कंपनीकडून लेखी घ्या. ते लिहून द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल, तर तुमच्या विरोधाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.