पडदा सरकलाय आणि म्हणे कांद्याचा रस घाला

पंचवटीतल्या मावशीचा काल फोन, डोळ्याच्या ऑपरेशनची उद्याची तारीख ती पुढे ढकलतेय. का, तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय: "डोळ्यातल्या जंतामुळे पडदा सरकला तर ऑपरेशन करू नका, सात दिवस कांद्याचा रस आणि मध घाला, जंत मरतो, पडदा चिकटतो. ऑपरेशनमध्ये गॅस भरतात त्याने डोळा फुटतो. हा रोग मांजर पाळणाऱ्यांनाच होतो." डोकंच फिरलं माझं.

अहो पडदा म्हणजे रेटिना, तो डोळ्याच्या पार मागच्या बाजूला असतो, पुढून घातलेला रस तिथवर पोचतच नाही, बुबुळाची आग होईल ती वेगळीच. आणि मावशीला झाला तो टॉक्सोप्लाझ्मा, तो जंत नाहीच, एका पेशीचा परजीवी आहे, त्यावरच्या सल्फाच्या गोळ्यांचा कोर्स तिने पूर्ण केलाय. आता भानगड आहे ती त्याने मागे ठेवलेल्या नुकसानीची. सूज आली तेव्हा आतल्या जेलीत दोरे तयार झाले, त्यांनी पडदा ओढला, भोक पडलं आणि त्यातून पाणी पडद्यामागे शिरलं. हे रसाने चिकटणार? ती जेली काढावी लागते, भोकाभोवती लेझर मारतात, मग गॅस नाहीतर सिलिकॉन ऑइल भरतात. तिचा पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, माणसं ओळखतो, तो अजून जागेवर आहे म्हणून तर डॉक्टर घाई करतायत, आणि हे सांगतायत सात दिवस थांबा!

मांजराच्या विष्ठेतून पसरतो हे खरंय, पण कच्चं राहिलेलं मटण, माती, पाणी यातूनही होतो. 2004-05 ला कोइमतूरमध्ये अडीचशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यात हाच रोग निघाला, अरविंद आय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी माग काढला तर संशय गेला नळाच्या पाण्यावर. मावशीने तर जन्मात मांजर पाळलेलं नाही.

गॅसचं म्हणाल तर थोडं तथ्य आहे, मान्य. उंचावर गेलं की गॅस फुगतो, डोळ्यातलं प्रेशर वाढतं, म्हणून तो जिरेपर्यंत विमान बंद. मुंबईत ऑपरेशन करून कसारा घाट चढून नाशिकला यायचं असेल तरी सर्जनला आधी विचाराच, आपण 600 मीटरच्या आसपास उंचीवर आहोत. पण मावशीचं ऑपरेशन इथेच आहे, आणि गॅस काही आठवड्यांत आपोआप जिरतो.

आणि हो, जिथे डाग पडलाय तिथली नजर परत येणार नाही, मोतीबिंदूही लवकर होईल, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलंय. ते ऐकून ती घाबरली होतीच, त्यात हा मेसेज.

तासभर बोललो तिच्याशी. तारीख उद्याचीच ठेवलीय, सकाळी मीच घेऊन जातोय.