सर्व्हरला लगाम? आपल्याकडे तशी रीत नाही

गिऱ्हाइकांच्या शे-दीडशे वेबसाइट एकाच सर्व्हरवर बसवल्या ना? झकास. आता एखादा शहाणा येईल आणि म्हणेल, "भाऊ, प्रत्येक साइटला मेमरी, प्रोसेसर, कनेक्शन मोजून द्या." त्याला तर्री-पोहे खाऊ घाला आणि वाटेला लावा. पाहुण्याला पंगतीत पोळ्या मोजून वाढायची नागपुरात पद्धत नाही. शिवाय तुमच्या पत्रकावर 'अनलिमिटेड' असं ठळक छापलंय. ते काय उगाच?

सुरुवात पीएचपीपासून करा, म्हणजे साइटची पानं तयार करणाऱ्या भाषेपासून. तिथे मेमरी लिमिट मुळात १२८ एमबी असते. एखाद्या गिऱ्हाइकाचं पान पांढरं पडलं की कारण शोधत बसू नका, तिथे उणे एक लिहा. म्हणजे हवी तेवढी खा. मग पीएचपी-एफपीएममध्ये, म्हणजे ती पानं बनवून घेणाऱ्या मुकादमाकडे, कोणाला किती चाइल्ड (एकावेळी राबणाऱ्या प्रोसेस) द्यायचे ते ठरवा. बाकीच्यांना पाच पुरतात, पण नंदनवनचा क्लासवाला जुना माणूस, दिवाळीला चिवड्याचा डबा पाठवतो. त्याला २०० द्या. गुणाकार करू नका. केलाच तर प्रत्येक प्रोसेसने नुसते १२८ एमबी धरले तरी २५ जीबी होतात आणि तुमच्या सर्व्हरची रॅम आहे १६. पण सगळे एकदम कशाला येतील?

येतात. रविवारी रात्री नऊला टेस्ट सिरीजचा निकाल लागतो. पान उघडायला उशीर झाला की पोट्टे रिफ्रेश मारतात, आणि प्रत्येक रिफ्रेशला नवी प्रोसेस अडकते. जुनी अजून डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहतच असते. तुम्ही म्हणाल, पीएचपीत ३० सेकंदांची वेळमर्यादा आहे की. आहे, असू द्या, दिसायला बरी दिसते. डेटाबेसची वाट पाहण्यात गेलेला वेळ सर्व्हरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती मोजतच नाही. खरा चाप एफपीएममध्ये असतो, रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट नावाचा. तो मुळात शून्यावर, म्हणजे बंद असतो. बनवणाऱ्यांनीच बंद ठेवलाय, तर आपण कशाला हात लावा?

डेटाबेस सांभाळणाऱ्या मायएसक्यूएलचंही तसंच. एकूण कनेक्शन मुळात १५१. काय शुभ आकडा आहे, गणपतीच्या वर्गणीत शोभेल! एका यूजरने त्यातली किती घ्यावीत याची मर्यादा मात्र शून्य, म्हणजे कितीही. क्लासवाल्याने सगळी घेतली, तर दुसऱ्यांनी लवकर उठायला हवं होतं.

आता खरी गंमत. रॅम संपली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एका प्रोसेसचा बळी निवडतो. ओओएम किलर म्हणतात त्याला. गुन्हा कोणी केला हे तो विचारत नाही, सगळ्यात जास्त मेमरी कोण धरून बसलंय तेवढं पाहतो. क्लासच्या २०० प्रोसेस थोडं थोडं खाऊन बसलेल्या, एकेकटी कोणी डोळ्यात भरत नाही. लठ्ठ एकच दिसतो, मायएसक्यूएल. चोर सोडून संन्याशाला फाशी! तो पुन्हा उठतो, पुन्हा मारला जातो. तिकडे रामदासपेठेतला दातांचा दवाखाना, इतवारीचा मसालेवाला आणि काटोलचा संत्रा बागायतदार, तिघांच्याही पानावर एकच ओळ झळकते: डेटाबेसशी जोडणी होत नाही. आणि तुम्हाला स्वतःला आत शिरायचं तर काळ्या पडद्यावर पासवर्ड टाकून वाट पाहायची. तेवढ्यात चहा होतो.

अशा वेळी रीबूट मारायचा आणि मनात म्हणायचं, घेऊन जा गे मारबत! पोळ्याच्या पाडव्याला इडापिडा नेणाऱ्या पुतळ्यापुढे सगळं शहर हेच ओरडतं, तुम्ही दर रविवारी ओरडा.

याच्यावर उपाय आहे म्हणतात. सीग्रुप नावाचा, प्रोसेसच्या गटाला मेमरी-प्रोसेसरची हद्द आखून देणारा प्रकार २००८ सालीच लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. आता तर सर्व्हरवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीत सीपीयू कोटा आणि मेमरी मॅक्स अशा दोन ओळी लिहिल्या की काम भागतं. प्रत्येक साइटचा यूजर आणि एफपीएम वेगळा करून त्याला हे दावं बांधलं, की निकालाच्या रात्री क्लासवाल्याच्याच पानावर ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दिसतो आणि दातांचा डॉक्टर सुखाने अपॉइंटमेंट घेत राहतो. पण असं एकट्याला रडवणं बरं दिसतं का? सगळे मिळून रडले की कसं एका कुटुंबासारखं वाटतं.

डिस्कचा कोटाही नको. कोणाचा तरी तयार पानं साठवून ठेवणारा कॅशे प्लगइन लाखो बारीक फायली करेल, मग डिस्क अर्धी रिकामी असूनही सर्व्हर म्हणेल जागा नाही. जागा असते, प्रत्येक फाइलमागे एक लागणारे आयनोड संपलेले असतात, आणि ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. तुम्ही मात्र बिनधास्त डिस्क किती भरली ते सांगणारी 'डीएफ' कमांड चालवून ५० टक्के दाखवा आणि गिऱ्हाइकालाच खोटं पाडा.

फोन येतीलच. "काय करून राहिले भाऊ, साइट बंद हाय!" उत्तर तयार ठेवा: लाइट गेली होती. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरात आहे हे त्याला कोणी सांगितलंय? फार चिडला, तर त्याची साइट जड झाल्याचं सांगा. दिवसाला वीस लोक येत असतील त्याच्याकडे, पण आवाज गंभीर ठेवायचा. मग त्याला दुप्पट पैशांचा 'गोल्ड' प्लॅन विका. साइट हलवायची नाही, तिथेच ठेवायची, क्लासवाल्याच्या शेजारी. बिलावर फक्त रंग बदलायचा. आणि क्लासवाल्याला दिवाळीत फोन करून चिवड्याची आठवण द्यायला विसरू नका.