ब्रोचमधली बाई कोण?

दागिन्यांच्या गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोबत अंडाकृती ब्रोचचा फोटो असतो: पावडर लावलेले पांढरे केस, गुलाबी गाल, निळी फीत, भोवती बारीक मोत्यांची किनार. मजकूर थोडक्यात असा: ‘एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅमेरे नव्हते. म्हणून तिथल्या खानदानी स्त्रिया नामवंत चित्रकारांसमोर बसून हस्तिदंतावर स्वतःची तसबीर काढून घेत आणि सोन्याच्या ब्रोचमध्ये जडवून मिरवत. अशी प्रत्येक तसबीर जगात एकच. चित्रावर सही आणि सोन्यावर गरुडाच्या डोक्याचा शिक्का दिसला, तर डोळे मिटून घ्या. वस्तू राजघराण्यातली!’

डोळे मिटले तरच हे पटेल. एकेक वाक्य घेऊ.

कॅमेरे नव्हते? लुई दागेरची फोटो काढायची पद्धत 1839 साली जाहीर झाली ती पॅरिसमध्येच. 1854 मध्ये तिथल्याच दिस्देरीने व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोचं पेटंट घेतलं आणि फोटो मध्यमवर्गाला परवडू लागला. म्हणजे शतकाचा अर्ध्याहून जास्त भाग कॅमेऱ्याचा आहे. त्या कॅमेऱ्याने लघुचित्रकारांच्या, म्हणजे अशा बोटभर तसबिरी काढणाऱ्यांच्या, पोटावर पाय दिला आणि त्यातले काही फोटोंवरच रंग भरायला लागले. त्यामुळे शतकाच्या उत्तरार्धातला ‘हाताने रंगवलेला’ चेहरा भिंगाखाली धरला की कधी कधी रंगाच्या पातळ थराखाली फोटो निघतो. छापील चित्र असेल तर एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसते. कुंचल्याचे ठिपके तसे नसतात. ते लहानमोठे असतात आणि गालाच्या गोलाईबरोबर वळतात.

‘स्वतःची तसबीर मिरवत’ हे तर सरळसरळ उलटं आहे. अंगावर बाळगायची ती दुसऱ्याची तसबीर. मोहिमेवर गेलेला नवरा, दूर दिलेली मुलगी, गेलेली आई. आपल्याकडे लॉकेटमध्ये कोणाचा फोटो असतो? स्वतःचा नक्कीच नाही. नेपोलियन आपली तसबीर जडवलेल्या तपकिरीच्या डब्या भेट देई, त्याही घेणाऱ्याने बाळगाव्यात म्हणूनच. खऱ्या घरगुती तसबिरीची ओळख बहुतेक वेळा पाठीमागे सापडते: काचेखाली विणलेले किंवा पिसासारखे वळवून चिकटवलेले केस, त्यावर सोन्याच्या तारेतली आद्याक्षरं, कधी एखादी तारीख. पुढचा चेहरा जगाला दाखवायचा आणि मागचे केस ज्याचे त्याला ठाऊक. विक्रेते मात्र फोटो फक्त पुढचा टाकतात.

आता सहीकडे येऊ, कारण सगळा गोंधळ आणि सगळी गंमत तिथे आहे. फ्रेंच लघुचित्रकलेत मोठी नावं खरोखर होती, ते नाकारायचं कारण नाही. नान्सीचा झाँ-बाप्तिस्त इझाबे (1767–1855) हा प्रसिद्ध चित्रकार दाविदचा शिष्य. त्याने राज्यक्रांती पाहिली, नेपोलियनचा दरबार पाहिला आणि परत आलेले जुन्या बुर्बाँ घराण्याचे राजेही पाहिले. प्रत्येक राजवटीत त्याला काम मिळत गेलं. झाँ-बाप्तिस्त जाक ओग्युस्तँ (1759–1832) त्याचा प्रतिस्पर्धी. ओग्युस्तँची शिष्या लिझिंका द मिर्बेल (1796–1849) अठराव्या लुईच्या दरबारात पोचली. शतकाच्या पहिल्या तीसचाळीस वर्षांत पॅरिसमध्ये या कलेचा दर्जा फार वरचा होता.

नावं एवढी मोठी होती म्हणूनच पुढे ती उसनी घेतली गेली. शतक संपता संपता आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोपात शोभेच्या लघुचित्रांचं मोठं उत्पादन निघालं. गिऱ्हाईक होते प्रवासी आणि हौशी. चित्राच्या कडेला ‘इझाबे’, ‘ओग्युस्तँ’, अगदी अठराव्या शतकातल्या ‘फ्रागोनार’ या चित्रकाराचं नाव लिहिलं की किंमत चढायची. तेव्हा सही वाचल्यावर एक साधा हिशेब करावा. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोम्पादूर 1764 मध्ये वारली. इझाबे जन्मला 1767 मध्ये. ‘इझाबे’ सहीची पोम्पादूर बाजारात दिसली, तर ती कोणासमोर बसली होती? ओग्युस्तँ तेव्हा पाच वर्षांचा होता, म्हणजे तोही सुटला. बेरीज-वजाबाकीत गळून पडणारी अशी बरीच ब्रोच आहेत आणि त्यासाठी भिंगही लागत नाही.

प्रत्येक तसबीर एकच? जुन्या वस्तूंच्या दहा दुकानांच्या याद्या चाळा. तीच राणी मारी आंत्वानेत, तीच पोम्पादूर, तीच पॅरिसची सौंदर्यवती मादाम रेकामिए पुन्हा पुन्हा भेटतील. मारी आंत्वानेतचा शिरच्छेद 1793 मध्ये झाला. पण तिच्या चेहऱ्याची खरी लाट आली दुसऱ्या साम्राज्यात, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत (1852–1870). त्याची राणी युजेनी मारी आंत्वानेतच्या प्रेमातच होती. 1867 मध्ये युजेनीच्या पुढाकाराने व्हर्सायच्या पेती त्रियानों या छोट्या महालात मारी आंत्वानेतच्या आठवणींचं प्रदर्शन भरलं. मग अठराव्या शतकाची फॅशन दागिन्यांत उतरली आणि मारी आंत्वानेतची चित्रकार विजे ल ब्रँने रंगवलेल्या तसबिरी बोटभर आकारात उतरवल्या जाऊ लागल्या. आपल्याला हे नवं नाही. त्याच काळात दिल्लीचे चित्रकार हस्तिदंताच्या चकत्यांवर मुमताज महल आणि नूरजहाँ काढत होते. ते चेहरे सोन्यात जडवून साहेबांच्या मडमांना ब्रोच म्हणून विकले जात. मुमताज त्यांच्यासमोर बसली नव्हती, एवढं कोणीही सांगेल.

फ्रान्सच्या लिमोझ शहरातल्या मिनाकामातल्या बायका याहून वेगळ्या. तांब्यावर भट्टीत भाजलेला काचेचा रंग, खाली चकाकणारा वर्ख, बाजूने दिसणारा चेहरा, डोक्यावर जुन्या काळातली टोपी. त्या बहुतेक कोणीच नसतात, नुसत्या कल्पनेतल्या. मला त्या आवडतात, कारण त्या खोटं बोलत नाहीत.

हस्तिदंताचं म्हणाल, तर लघुचित्रासाठी तो वापरायची पद्धत 1700 च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने रुळवली. चकती इतकी पातळ असते की उजेड आरपार जातो. तिचा तेलकटपणा काढून, घासून तिच्यावर जलरंग देतात. चेहऱ्यावर रंग विरळ ठेवतात आणि कातडीची चमक हस्तिदंताचीच येऊ देतात. कागद, पोर्सिलेन आणि धातूवरचा मिना हेही चालायचे, त्यामुळे ‘ब्रोच म्हणजे हस्तिदंत’ हे समीकरण चूक. त्यात एक सापळा आहे. जाहिरातीत ‘फ्रेंच आयव्हरी’ असं दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते सेल्युलॉइडचं व्यापारी नाव आहे, म्हणजे प्लॅस्टिकचा पणजोबा. त्यावर हस्तिदंतासारख्या रेघा मुद्दाम उठवलेल्या असतात, आणि त्या फारच सरळ, एकसारख्या असतात. खरी चकती असेल तर आपल्या हवेत वेगळीच काळजी: दमटपणाने ती वाकते, तडकते. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात ठेवली तर बुरशी धरेल. आणि ओल्या फडक्याने पुसलीत तर बाईचं नाकच फडक्यावर येईल.

शेवटी गरुड. 750 दर्जाच्या म्हणजे 18 कॅरेटच्या सोन्यावर गरुडाचं डोकं मारायला फ्रान्समध्ये 1838 पासून सुरुवात झाली, आणि ते आजही मारतात. म्हणजे या शिक्क्याने सोनं कळतं, वय कळत नाही. चित्राबद्दल तर तो काहीच सांगत नाही. 1819 ते 1838 मधल्या पॅरिसच्या सोन्यावर मेंढ्याचं डोकं असतं, त्यामुळे ‘नेपोलियनच्या काळातल्या’ ब्रोचवर गरुड दिसला तर कोंदण नंतरचं असण्याचा संशय घ्यायला हवा. घुबड दिसलं तर आणखी सावध व्हा. 1893 पासून ते बाहेरून आलेल्या किंवा मूळ न कळणाऱ्या सोन्यासाठी वापरतात. सोनाराचा स्वतःचा शिक्का चौकटीच्या आकाराचा, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा, तो शोधणं जास्त उपयोगाचं.

त्यापेक्षाही पिन बघा. जुनी पिन ब्रोचच्या कडेबाहेर डोकावते आणि साध्या वाकड्या आकड्यात अडकते. फिरवून बंद होणारी कडी विसाव्या शतकातली. अर्थात पिन बदललेलीही असू शकते, आणि मुळात ब्रोच हा ब्रोच नसूही शकतो. बांगडीची चाप, डबीचं झाकण, पदक अशा कितीतरी गोष्टींना नंतर मागून पिन डकवलेली आहे.

मजकुरात जे नाहीच, ते मराठी वाचकाला सगळ्यात जास्त लागू आहे. ब्रिटनच्या 2018 च्या हस्तिदंत कायद्यात 1918 पूर्वीच्या, 320 चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लघुचित्र-तसबिरींना नोंदणी करून सूट मिळते. ती सूट आपल्याकडे चालत नाही. आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि 1991 च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचा. ‘जुनी वस्तू आहे, काही होत नाही’ असं विक्रेता म्हणत असेल तर तो त्याच्या देशाबद्दल बोलतोय. मिना किंवा पोर्सिलेनवरची तसबीर असेल, तर हा प्रश्न येत नाही.