'गोड गैरसमज' म्हणणाऱ्या वाचकास

'सत्तरीतही विशीतल्या पोरांच्या पुढे' या लेखात मी माझ्या व्यायामाचा हिशेब मांडला होता आणि आमची पिढी आजच्या पोरांपेक्षा दणकट, लढायला तयार होती असं म्हटलं होतं. त्यावर एका तरुण वाचकाने भली मोठी प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक पिढीला पुढची पिढी लेचीपेची वाटते. बोअर युद्धाच्या वेळी (१८९९ ते १९०२, ब्रिटनची दक्षिण आफ्रिकेतली लढाई) मँचेस्टरमध्ये सैन्यात जायला आलेल्यांपैकी बहुतेकांना प्रकृती पाहूनच परत पाठवलं होतं. आजच्या लढाईला दंडापेक्षा डोकं जास्त लागतं. लेखात बायकांचा उल्लेख नाही, शीर्षक भडक आहे, आणि गुडघेदुखी असलेले त्यांचे वडील लेख वाचून उड्या मारायची दोरी आणायला निघालेत. शेवटी हे वाक्य: "आजोबा, तुम्ही फिट आहात याचा आनंदच आहे, पण त्यावरून तुमची अख्खी पिढी लढायला तयार होती असं वाटणं हा म्हातारपणीचा गोड गैरसमज आहे."

शीर्षक भडक होतं, मान्य. बाकीचं बघू.

'आनंदच आहे, पण' अशी सुरुवात माणूस कधी करतो? समोरच्याच्या पाठीवर थोपटून त्याला गप्प बसवायचं असतं तेव्हा. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे हाच सूर कानावर पडतो. मतभेद असतील तर खुशाल असू द्या. पलटणीत आमच्या उस्तादाने याहून फार वाईट शब्दांत आमचा उद्धार केलेला आहे. पण तो समोर उभा राहून बोलायचा, आणि शिक्षा म्हणून रगडा दिला की स्वतः आमच्याबरोबर धावायचा. आपण टोपणनावाने लिहिता. आपण किती धावता, किती पुलअप्स काढता, याचा प्रतिक्रियेत पत्ता नाही. माझं सगळं लेखात उघडं आहे.

आता 'म्हातारपणीचा'. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात आणि साठीनंतर ही घसरण वाढते. दमही दर दशकाला अंदाजे १० टक्के कमी होत जातो. हे मला कुणी शिकवायला नको, जिना रोज शिकवतो. पण ही घट सगळी वयाची नसते, बरीचशी बसून राहण्याची असते. १९९० साली अमेरिकेतल्या संशोधक मारिया फिआतारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शुश्रूषागृहात राहणारे, नव्वदीच्या आसपासचे दहा जण त्यात होते. एकाने मध्येच सोडलं. बाकीच्यांनी आठ आठवडे पायांनी वजनं उचलली, आणि त्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! फौजासिंग २००० साली वयाच्या ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन धावले, २०११ साली शंभरीत टोरांटोची. जन्मदाखला नाही म्हणून गिनीजने विक्रम नोंदवला नाही. नसू दे नोंद, अंतर तर तेवढंच होतं ना? या सगळ्यांचाही गोड गैरसमजच म्हणायचा का?

माझे वडीलही फौजेतले. शेवटच्या वर्षापर्यंत जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि हात न टेकता उठायचे. मी त्यांच्या हाताखाली वाढलो, मग पायदळात गेलो, पाठीवर पिठ्ठू घेऊन चाललो. पिढीबद्दल बोलायचा हक्क मला तिथून मिळालेला आहे, वाचनातून नाही. आणि 'लढायला तयार' म्हणजे नुसतं वय का? मे १९४० मध्ये ब्रिटनने घरसंरक्षणासाठी १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना हाक दिली, तेव्हा पहिल्या महायुद्धात लढलेले कितीतरी जण पुन्हा उभे राहिले. त्यांना कुणी आजोबा म्हणून घरी पाठवलं नाही.

मँचेस्टरचं म्हणाल, तर त्या प्रकारानंतर नेमलेल्या समितीचा अहवाल १९०४ साली आला. दोष निघाला तो कोंदट वस्त्यांचा आणि अपुऱ्या अन्नाचा. ती माझ्या पणजोबांची पिढी. तिचा हिशेब माझ्याकडे का मागता?

हो, आमच्या भरतीच्या रांगेतूनही पोरं माघारी गेली. छाती भरली नाही, वजन भरलं नाही. पण ती उपाशी होती म्हणून! अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बऱ्याच जणांना कुपोषणापायी नाकारलं गेलं, आणि १९४६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला त्यामागे हेही एक कारण होतं. त्याच अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२० मध्ये १७ ते २४ वयोगटाचा अंदाज काढला, तर ७७ टक्के तरुण खास सवलतीशिवाय भरतीला अपात्र. त्यात अंमली पदार्थ आणि मानसिक आजारही मोजलेत, ठाऊक आहे मला, लगेच धावून येऊ नका. पण लठ्ठपणाही आहेच. आमच्या पोराला पोटभर मिळालं असतं तर तो पास झाला असता. तुमच्या पोराला मिळतंय, तरी तो नापास. आता कुणाला लेचंपेचं म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

डोकं लागतं, बरोबर. पण ड्रोन उडवणाऱ्यालाही खंदकातच झोपावं लागतं आणि बॅटऱ्या स्वतःच वाहाव्या लागतात. बायकांविषयी स्वतंत्र लिहीन, इथे तो विषय नव्हता.

राहिले वडील. खरं तर त्यांच्याबद्दल आधी लिहायचं होतंत, माझ्या गैरसमजांबद्दल नंतर. त्यांना दोरी देऊ नका. दुखत्या गुडघ्यावर उड्या नकोत, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. तोवर भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत त्यांना बसवा. दोन्ही हात छातीवर आडवे, आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. दुखलं की थांबायचं, आणि शेजारी कुणीतरी उभं हवं. पासष्ट ते चौऱ्याहत्तरच्या पुरुषाला १२ वेळाही जमलं नाही, तर ते सरासरीपेक्षा कमी धरतात आणि पडण्याचा धोका वाढलेला असतो. तसं असेल तर मांड्यांचा व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव, दोन्ही लागतील.

त्यांचा आकडा इथे कळवा. पाठोपाठ स्वतःचाही.