‘मोफत होते, मग वर्गणी कशाला?’

कोंढव्यात राहणाऱ्या एका अफगाण निर्वासित शिंप्याच्या मोतीबिंदूसाठी आम्ही काही जण पैसे जमवीत असताना एक संदेश फिरत फिरत आमच्यापर्यंतही आला : ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, दहा-पंधरा मिनिटांत उरकते, शिवाय मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबता येते, तेव्हा एवढी रक्कम कशाला, वर्गणी मागणारे लबाड आहेत.

‘मोफत’ हे अर्धे खरे आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. पण खिडकीवर आधी आधार किंवा शिधापत्रिका मागतात. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. या गृहस्थांजवळ आहे ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे ओळखपत्र. कर्मचाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि हे संगणकात बसत नाही, असे सांगितले; तेही अगदी सौजन्याने.

दहा-पंधरा मिनिटे हा आकडा शस्त्रक्रियेच्या टेबलापुरता ठीक आहे. त्याआधी डोळ्यात बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची मोजणी आणि रक्तातील साखरेची तपासणी, नंतर कित्येक आठवडे थेंब, फेरतपासण्या, प्रत्येक खेपेला सोबत दुभाषा आणि बुडालेली मजुरी, हे सगळे त्यात धरलेले नाही.

पिकेपर्यंत थांबण्याचा सल्ला मात्र घातक आहे. डोळ्यात लेन्स बसवत नसत आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे, त्या काळात तो शोभत होता. आता डोळ्यातली मूळची, गढूळ झालेली लेन्स जितकी कडक होते तितकी ती फोडणे अवघड जाते, आणि अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढला तर काचबिंदू होऊन गेलेली नजर परत येत नाही. हे गृहस्थ सुईत दोरा ओवण्यासाठी नातवाला हाक मारतात. आणखी किती पिकायचे?

संदेशातील एक शंका मला रास्त वाटते, ती रकमेची. आपल्याच पुण्यात, ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात, सुमारे ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फेको यंत्राने (ध्वनिलहरींनी लेन्स फोडून) केलेली आणि यंत्राविना छोट्या छेदातून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी, चष्मा लावल्यावर, दोन्हीकडची दृष्टी जवळपास सारखीच निघाली. म्हणजे महाग तेच चांगले असे नाही. म्हणून आम्ही लेखी अंदाजपत्रक मागितले, त्यातील मल्टिफोकल (दूरचे-जवळचे दोन्ही दाखवणारी) लेन्स खोडून साधी घेतली, रक्कम थेट रुग्णालयात भरली आणि उरलेल्या पैशांत जवळचे पाहण्याचा चष्मा करून घेतला, कारण शिंप्याला तो लागणारच होता.